पांढरा कोळसा

मेघा फिरके हिने केळीच्या खांबांपासून एक प्रकारचा कोळसा तयार केला होता आणि त्यातून कारखान्याचा धूर गाळता येतो, असं तिचं म्हणणं होतं. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो. घसा जळतो तो त्यानेच. हा वायू केळीच्या कोळशात अडकून राहतो. फैजपूरच्या बाजूला घड कापून झाले की खांब बांधावर सडत पडलेले असतात, तेव्हा कच्च्या मालाची कमी नव्हती. कमी होती ती धुराची, म्हणजे आपल्या चिमणीला हात लावू देईल अशा कारखान्याची.

ती कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. वय चौतीस. दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत, दर वर्षी तेच प्रश्न. दिल्लीच्या एका खात्याने उद्योगांचा धूर कमी करणाऱ्या नव्या संशोधनासाठी योजना काढली होती. प्रयोगशाळेच्या बाहेर अजून न पडलेल्या कल्पनांना पैसे द्यायचे, असा योजनेचा हेतू होता. आधी थोडी रक्कम, मग समिती येऊन काम बघणार आणि पटलं तर मोठा हप्ता. मेघाला पहिली रक्कम मिळाली तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. कोणीतरी असंही म्हणालं, की आता फिरके मॅडम धूर विकणार.

जळगावच्या डाळ मिलवाल्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. शेवटी धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतले सरकीच्या तेलाचे मिलमालक मदनलाल शेठ हो म्हणाले. त्यांची मुलगी रिद्धी कधीकाळी मेघाच्या वर्गात होती. शेठ म्हणाले, मॅडमनी माझ्या मुलीला पास केलं, मी मॅडमची चिमणी पास करतो. माणूस दिलदार होता, यात शंका नाही. त्यांनी मेघाला गाळणी बसवायला लोखंडी मचाण करून दिलं आणि एक पैसा घेतला नाही.

वर्षभर ती दर शनिवारी एसटीने धुळ्याला जायची. बॉयलरवर झुलाल अहिरे नावाचा साक्रीकडचा माणूस होता, अठ्ठावन्नच्या आसपासचा, बॉयलर चालवण्याचा सरकारी परवाना असलेला. फावड्याने कोळसा भट्टीत टाकता टाकता तो तिची चेष्टा करायचा. कोळसा जाळायचा आणि त्याचा धूर परत कोळशानेच धरायचा, हे त्याला फार गमतीचं वाटायचं. तो गाळणीला ‘ताईनी चाळणी’, म्हणजे ताईची चाळणी, म्हणायचा आणि मेघा यायच्या आधी तिच्यावरची धूळ पुसून ठेवायचा. भट्टीत काळा दगडी कोळसा असायचा, भाव चढले की जळगावच्या चटई कारखान्यांतली प्लॅस्टिकची कातरणसुद्धा. आकडे मात्र सुंदर येत होते. गाळणीत शिरताना वायू भरपूर, बाहेर पडताना त्याचा पाचवा हिस्सा. मेघाने ते दर तीन महिन्यांनी दिल्लीला कळवले.

नोव्हेंबरात समिती येणार असं ठरलं. मेघाने शेठना फोनवर सांगितलं, की काही वेगळं करू नका, नेहमीसारखी मिल चालू द्या. शेठ हसून म्हणाले, तुम्ही काळजीच करू नका. त्यांना वाटलं असावं, की बाई संकोची आहे, आपल्यासाठी कोणाला त्रास नको म्हणून असं बोलते.

त्या दिवशी मेघा सकाळच्या गाडीने पोचली. फाटकातून आत आल्या आल्या तिने वर पाहिलं. चिमणीतून जेमतेम दिसेल न दिसेल अशी पांढरट रेघ निघत होती. ती बॉयलरकडे जवळजवळ धावतच गेली.

फरशी धुतलेली होती. दारात रांगोळी होती. बॉयलरला झेंडूची माळ घातली होती आणि तसलीच एक छोटी माळ मचाणावरच्या गाळणीला. कोळशाचा ढीग असायचा त्या जागी पांढरट कांड्यांच्या गोण्या रचल्या होत्या. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या कुटून, दाबून ह्या कांड्या करतात. बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात. धूर कमी, वास कमी आणि गंधक जवळजवळ नाहीच. झुलाल धुतलेला शर्ट घालून उभा होता.

“देखा ताई,” तो म्हणाला, “काळा कोळसा काल दुपारलेच ट्रकमा भरी दिना. पहाटपासून बठ्ठा पांढराच टाकी राहिनू. आज तुमनं नाव खाली पडाले नको.”

 मेघाने विचारलं, थोडा तरी काळा कोळसा कुठे आहे का. झुलालला प्रश्न कळला नाही. एक तुकडासुद्धा ठेवला नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. भट्टीच्या जाळीतली जुनी राखसुद्धा काढून टाकली होती.

यात त्याचं काय चुकलं, हे मला लिहितानाही नीट सांगता येत नाही. त्या वसाहतीत साहेब येणार म्हटलं की हेच करायचं असतं. प्रदूषणवाले असोत, बॉयलर तपासणीवाले असोत की बँकेचे, आदल्या दिवशी काळा माल जातो, पांढरा येतो, रांगोळी निघते. मेघा वर्षभर येत होती, पण साहेब येण्याच्या दिवशी ती तिथे कधीच नव्हती. आणि झुलालने वर्षभर तिला काम करताना पाहिलं होतं, पण तिला घाण धूरच हवा असतो, हे त्याच्या मनात येणं शक्य नव्हतं. साहेबांसमोर घाण धूर कोणाला हवा असतो?

ती शेठकडे गेली. शेठ ऑफिसात केळीच्या पानांवर जेवण मांडायला सांगत होते. समितीसाठी दालबाटीचा बेत होता. तिने घाईघाईने सांगितलं, की या धुरात गंधकच नाही, तर गाळणी धरणार काय? वर गाळणी वर्षभराच्या वायूने भरलेली आहे, स्वच्छ गरम हवा गेली तर ती उलट थोडाफार सोडेल. काहीही करून काळा कोळसा परत आणा, दोन-तीन तास समितीला थांबवू.

शेठनी तिला मध्येच थांबवलं.

“मॅडम, हे आधी बोलायचं ना. घरी पाहुणे आल्यावर मी अंगणात कचरा टाकू?”

तेवढ्यात फाटकात गाडीचा हॉर्न वाजला.

समितीत दोघं होते. अध्यक्ष पुण्याकडचे, निवृत्त होत आलेले. दुसऱ्या चारुलता नावाच्या तरुण शास्त्रज्ञ, त्यांनी स्वतःचं मोजणी यंत्र आणलं होतं. मचाणावर चढून त्यांनी गाळणीच्या आधी नळी लावली, मग नंतर लावली. पुन्हा दोन्हीकडे लावली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर घेतला आणि यंत्र डोळ्यांजवळ धरलं.

आत जाताना वायू जवळजवळ शून्य होता. बाहेर पडताना त्याहून जास्त.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे तुमची गाळणी धूर धरत नाही, तयार करते.”

मेघा म्हणाली, की आज इंधन बदललेलं आहे. रोज इथे दगडी कोळसा असतो. तिने सांगितलं ते सरळ आणि खरं होतं, पण मदनलाल शेठ तिच्याशेजारी उभे होते आणि त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. तिला एक गोष्ट माहीत नव्हती. दोन वर्षांपूर्वी शेठनी, यापुढे फक्त पांढरा कोळसा जाळीन असं लिहून देऊन, नव्या बॉयलरसाठी सरकारी सवलत घेतली होती. कागदावर त्या मिलमध्ये काळा कोळसा नव्हताच.

शेठनी ऑफिसातून लॅमिनेट केलेलं परवानगीपत्र मागवलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं. मग हाक मारली. झुलाल टोपी सावरत पुढे आला.

“साहेबांना सांग, आपण काय जाळतो?”

झुलालने मेघाकडे पाहिलं आणि तिला धीर द्यावा तसा हसला.

“पांढराच, साहेब. कायम पांढराच.”

हे उत्तर त्याने आजवर अनेक साहेबांना दिलं होतं आणि दर वेळी सगळ्यांचं भलंच झालं होतं. मेघाच्या पायाखालून काय गेलं, ते त्याला कळलं नाही. उत्तर पोचलं नसावं असं वाटून त्याने ते पुन्हा म्हटलं.

“मग हे वर्षभराचे आकडे कुठून आले?” अध्यक्षांनी मेघाला विचारलं. आवाज चढवला नाही. “जिथे गंधक नाही, तिथे तुम्ही गंधक पकडत होता?”

मेघा म्हणाली, की गाळणीतला कोळसा काढून तपासा, त्यात गंधक सापडेल. अध्यक्ष म्हणाले, प्रयोगशाळेत गंधकाच्या आम्लाची बाटली असते, कोळशात काय काय घालता येतं ते आम्हालाही ठाऊक आहे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असे अर्जदार त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत.  खाली उतरताना चारुलतांचा हात भिंतीला लागला आणि बोटं काळी झाली. वर्षानुवर्षांची काजळी एका धुण्यात जात नाही. त्यांनी बोटांकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि रुमालाला हात पुसले.

जेवायला मेघालाही बसवण्यात आलं. शेठनी स्वतः तिच्या बाट्यांवर तूप वाढलं आणि हळूच म्हणाले, जेवणावर राग काढू नका. अध्यक्षांना बाट्या फार आवडल्या. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी गाळणीचा विनोद पुन्हा केला, तेव्हा मुनीम हसला, शेठ हसले आणि पाणी घेऊन आलेला झुलालही हसला. सगळे हसतात म्हणजे ताईचं काम झालं, असं त्याला वाटलं.

पंधरा दिवसांनी कॉलेजला कळवण्यात आलं, की प्रकल्प थांबवला आहे आणि आकडे संशयास्पद असल्याने खुलासा मागवला आहे. प्राचार्यांनी मेघाला बोलावून शांतपणे सांगितलं, की जूनची मुलाखत तिने देऊ नये. खोटे आकडे देणाऱ्या माणसाला मुलांसमोर कसं उभं करणार? तिच्या वर्गातल्या मुलांना दोन दिवसांत सगळं कळलं. फळ्यावर कोणीतरी चिमणी काढली आणि तिच्यातून केळी बाहेर पडताना दाखवली. मेघाने ती पुसली आणि तास घेतला.

एक गोष्ट मात्र घडली होती. चारुलतांनी अहवालाच्या शेवटी चार ओळी लिहिल्या होत्या. अर्जदाराच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दगडी कोळसा जाळला जातो, संबंधित कार्यालयाने खात्री करावी, एवढंच. त्यावरून धुळ्यात सुनावणी लागली. तिथे कोळसा सिद्ध झाला तर मेघाचे आकडे खरे ठरणार होते, तिचं नाव आणि हप्ता दोन्ही परत मिळण्याची शक्यता होती. तिने साक्ष द्यायचं ठरवलं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी झुलाल फैजपूरला आला. तीन गाड्या बदलून, पत्ता विचारत विचारत. पिशवीत बोरं होती. मेघाच्या आईने त्याला खुर्ची दिली तरी तो उंबऱ्याजवळ जमिनीवर बसला. चहा घेतला. बराच वेळ केळीच्या भावाविषयी बोलला, ज्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मग म्हणाला, की शेठनी सगळं समजावून सांगितलं आहे. ताई कोळशाचं बोलली नाही तर काही होणार नाही. बोलली तर झुलालने पुढे यायचं आणि सांगायचं, की आपणच चोरून काळा कोळसा आणत होतो आणि वाचलेल्या पैशांचं खात होतो. शेठना काही ठाऊक नव्हतं, असंही म्हणायचं. त्याच्या मुलाला कामावर ठेवण्याचा शब्द शेठनी दिला होता.

“तुम्ही असं म्हणणार?” मेघाने विचारलं.

“म्हणसू. शेटले नही कसं म्हणू? पोऱ्या तठेच हमाली करस.”

“मग तुमचा परवाना जाईल.”

“जाई,” तो म्हणाला. “म्हणीसन तर उनू ताई, तुमनाकडे.”

म्हणूनच तो एवढ्या लांब आला होता. मेघाने पिशवीतली बोरं ताटात काढली, रिकामी पिशवी घडी करून त्याच्या हातात दिली आणि शेवटची गाडी कितीला आहे ते सांगितलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. झुलाल तिला तिच्यापेक्षा चांगला ओळखत असावा, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही.

सुनावणी एका साध्या खोलीत झाली. अधिकारी सर्दीने बेजार होते. मेघाने आपले आकडे पुढे ठेवले आणि सांगितलं, की त्या बॉयलरमध्ये दगडी कोळसा जळत होता, तिने वर्षभर डोळ्यांनी पाहिलं आहे. शेठनी मान खाली घातली, एखाद्या सज्जन माणसाला घरातल्या नोकराची चोरी कळावी तशी. मग झुलालला पुढे बोलावलं.

तो ठरलेलं सगळं बोलला. नोव्हेंबरात आपण साहेबांना खोटं सांगितलं, असंही म्हणाला. ताई खरं सांगते, हे तर त्याने न विचारता दोनदा सांगितलं. कोणत्या ढाब्यामागे कोळसा उतरवायचा, किती स्वस्त पडायचा, हेही त्याने रचून सांगितलं आणि ते इतकं पटण्यासारखं होतं, की अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता मान डोलावली.

मग त्यांनी मेघाला विचारलं, “मालकांना याची कल्पना होती का?”

ट्रक, गोण्या, धुतलेली फरशी, बाट्यांवर वाढलेलं तूप, सगळं तिच्यासमोर होतं. पण तिच्याजवळ पुरावा नव्हता. आणि शेठचं नाव घेतलं तर वकील येणार, तारखा पडणार, आकड्यांचा निकाल लांबणार. हप्ता मार्चअखेरपर्यंत खर्च करायचा होता. तिचं काम झालेलं होतं. कोळसा सिद्ध झाला होता.

“ते मला माहीत नाही,” मेघा म्हणाली.

झुलालने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने अधिकाऱ्यांना विचारलं, की आता जाऊ का.

त्याचा परवाना रद्द झाला. मिलला समज देण्यात आली. शेठनी झुलालला त्याच दिवशी कामावरून काढलं आणि ते काढल्याचं कार्यालयाला कळवलं. त्याच्या मुलाला ठेवलं, दिलेला शब्द पाळला. दिल्लीहून अध्यक्षांचा फोन आला. ते मोकळ्या मनाचे असावेत, त्यांनी चूक मान्य केली, मेघाच्या चिकाटीचं कौतुक केलं आणि हप्ता मंजूर झाल्याचं सांगितलं. जानेवारी संपता संपता पैसे कॉलेजात जमा झाले. प्राचार्यांनी शाल आणि नारळ दिला. ज्या फळ्यावर चिमणी काढली होती, त्याच वर्गात सत्कार झाला.

अट एकच होती. मोठी गाळणी चालू कारखान्यावर बसवून दाखवायची, तीसुद्धा मार्च संपायच्या आत.

मेघा धुळ्यात फिरली, जळगावात फिरली, पाचोऱ्याच्या जिनिंगवाल्यांकडे जाऊन आली. आधी लोक तिला हसत होते, आता कोणी हसत नव्हतं. सगळे अदबीने बसवायचे. चहा यायचा. एका डाळ मिलच्या मालकाने तिचं सगळं ऐकून घेतलं, चित्रं पाहिली, दोन नेमके प्रश्नही विचारले. तिला वाटलं, हा हो म्हणणार.

“ताई, वस्तू चांगली आहे,” तो म्हणाला. “पण तुमच्या गाळणीपायी धुळ्यात एक बॉयलरवाला गेला. आमच्याकडे बॉयलरवर माझा सख्खा मेहुणा आहे.”

तिने समजावायचा प्रयत्न केला, की चूक बॉयलरवाल्याची नव्हती. मालक म्हणाला, तेच तर. चूक नसताना गेला.

मार्च अर्धा सरला. पैसे बँकेत तसेच होते, आता ते परत जाणार होते. कोणीतरी तिला पांझरा नदीकाठच्या वीटभट्टीचं नाव सांगितलं. मालक नवा आहे, तरुण आहे, कोणाचं फार ऐकत नाही. भट्टीला ती गाळणी बसेल की नाही याची तिलाच खात्री नव्हती. तरी ती गेली.

भट्टीच्या माथ्यावर चार-पाच माणसं होती. पायाला लाकडी खडावा बांधून ती तापलेल्या विटांवरून चालत होती आणि झाकणं उघडून आत कोळशाचा चुरा ओतत होती. त्यांतला एक म्हातारा तिला पाहून थांबला. तो उंचावर होता, तिला चटकन ओळखू आला नाही. तो शिडीने खाली आला. भुवया भाजून गेल्या होत्या.

मेघाने विचारलं, कसे आहात. झुलाल म्हणाला, बरं आहे, इथे परवाना लागत नाही. मग तिने, दुसरं काय बोलावं ते न सुचून असेल, विचारलं, की मालक कसा माणूस आहे, भट्टीवर गाळणी बसवू देईल का. तुमची ओळख असली तर एक शब्द टाकाल का, असंही तिच्या तोंडून निघून गेलं.

झुलालने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. नदीकडच्या रस्त्याने धूळ उडवत एक मोटरसायकल येत होती.

“मालक येई राहिना,” तो म्हणाला. “तुम्ही माले ओळखतस, हाई त्यासले समजाले नको. माले आठे तरी राहू द्या ताई.”

आणि तो शिडी चढून वर गेला. मेघाने पर्स काखेत धरली आणि मोटरसायकल पोचायच्या आत ती हमरस्त्याच्या दिशेने चालू लागली.